एनेच्या कपाटातली कळी

ओरिन्शा दर दोन तासांनी उठायची. चहा पिताना, टीव्ही बघताना, एकदा तर बसमध्येही, उतरायला अजून तीन थांबे बाकी असताना. उठायची, चार पावलं टाकायची आणि कशासाठी उठलो ते न आठवून तिथेच थांबायची. अंथरुणाला खिळलेल्या सासूला, एनेला, तिने दीड वर्ष दर दोन तासांनी कूस बदलून दिली होती. एने जानेवारीत गेली. ऑक्टोबर उजाडला तरी ओरिन्शाच्या पायांना ते कळलं नव्हतं.

"बस गं जरा," तिचा नवरा सेरगाझी म्हणायचा. "तुझ्याकडे बघून मलाच दम लागतो."

"बसलेच आहे," ती उभ्याउभ्या म्हणायची.

कारागांडा शहरातल्या मायकुदुक वस्तीत आम्ही एकाच जिन्यावर राहतो. चौथ्या मजल्यावर डावीकडचं दार त्यांचं, उजवीकडचं आमचं. मी ओरिन्शाला तते, म्हणजे मावशी, म्हणते. लहानपणी आई कामावर गेली की मी त्यांच्याकडेच असायचे, आणि त्या घरातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणून मला ते काचेचं कपाटच आठवतं. रोमानियन, काळसर तपकिरी, पॉलिश असं की त्यात आपले दात दिसावेत. वर काचेची दोन दारं, आत पाठीला आरसा, फळ्यांवर चहाचे वाडगे, साखरेची भांडी, स्फटिकाचे पेले. एनेने ते अठ्ठ्याहत्तर साली रांगेत नाव लावून मिळवलं होतं. किल्ली तिच्या डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाला बांधलेली असायची. दर गुरुवारी ती गाठ सोडायची, ओरिन्शा एकेक भांडं काढून धुवायची, पुसायची आणि सोनेरी रेघ पुढे येईल असं परत लावायची. चौतीस वर्षं.

एने एक्क्याण्णवाव्या वर्षी गेली. एवढं जगलेल्या माणसाच्या घरातून रिकाम्या हाताने कुणी जात नाही. म्हातारीचं आयुष्य आपल्या लेकरांना लाभावं म्हणून काहीतरी तबारिक नेतात. वाडगा, चमचा, काहीच नाही तर रुमालाची चिंधी. त्याला नाही म्हणायचं नसतं. दफनाच्या दिवशी अर्धं कपाट गेलं, चाळिसाव्या दिवशी उरलेलं. सेरगाझीच्या बॉयलरखान्यातल्या साहेबाची बायको, जिने एनेला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, ती साखरेचं झाकणाचं भांडं छातीशी धरून गेली.

मागे राहिला एक वाडगा. त्याच्या काठाचा टवका उडालेला होता. टवका गेलेल्या भांड्यात पाहुण्याला चहा देत नाहीत आणि असलं भांडं तबारिक म्हणून कुणी घरीही नेत नाही. एनेने मात्र तो कधी टाकला नव्हता. सगळ्यात मागे, आरशाला टेकवून ठेवलेला असायचा.

त्यानंतरही ओरिन्शा गुरुवारी कपाट पुसायला जायची. पण आता तिथे धुवायला काही नव्हतं. आरशात ती एकटीच दिसायची.

तिचं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात एकच होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतली व्हायोलेटची रोपं, दह्याच्या डब्यांत लावलेली. पाळणाघराच्या धुलाईत कामाला होती तेव्हा तिथल्या बायकांकडून पानं आणून तिने ती वाढवली होती. एनेने तेवढी एक खिडकी दिली होती. एनेच्या शेवटच्या हिवाळ्यात मात्र ओरिन्शाने एक गंमत केली. एका फुलाचा पराग काडेपेटीच्या काडीने दुसऱ्याला लावला. बी धरलं, धुळीसारखं बारीक. ते केकच्या प्लास्टिकच्या डब्यात पेरून तिने एनेच्या पलंगाशेजारी ठेवलं, कारण घरातली सगळ्यात ऊबदार जागा तीच होती. कूस बदलून झाली की ती डब्यात डोकावायची.

"पानापासून लावलं की आईसारखंच येतं," तिने मला सांगितलं होतं. "बीचं तसं नसतं. काय रंग येईल ते फूल आल्यावरच कळणार. हे जगात दुसऱ्या कुणाकडे नाही, कळलं का?"

"आणि घाणेरडा रंग आला तर?"

"येऊ दे. पण बघायचाय मला." मग थोडं थांबून म्हणाली, "माझ्या बाबतीत सगळं आधीच कुणी ना कुणी सांगून ठेवलेलं असायचं. हे एक कुणाला माहीत नाही."

अकरा रोपं वर आली. ऑक्टोबरात घरोघरी रेडिएटर सुरू झाले आणि खालून कोरडी गरम हवा, वरून काचेचा गारठा अशात पंधरा दिवसांत चारच उरली. त्यांच्याही पानांच्या कडा कागदासारख्या झाल्या. ओरिन्शा ओली फडकी घेऊन दिवसभर रेडिएटर ते खिडकी अशा फेऱ्या मारत होती. एका सकाळी मी गेले, तर ती काचेच्या कपाटासमोर मापाची पट्टी घेऊन उभी.

"फोनमध्ये बघ गं," ती म्हणाली. "काचेच्या कपाटात झाडं वाढवतात का लोक?"

वाढवत होते. मी वाचून दाखवत गेले आणि ती मागे उभी राहून "पुढे, पुढे" करत राहिली.

दुसऱ्या मजल्यावरचे गेनरिख कार्लोविच खाणीत वीजतंत्री होते. मुलं केव्हाच जर्मनीला गेली, हे मात्र आपली हत्यारांची पेटी सोडून जायला तयार नाहीत. ते ड्रिल घेऊन आले, कपाटाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "असल्या कपाटाला भोक पाडायचं म्हणजे पाप आहे हां, ओरिन्शा."

"माझ्या नावावर लिहा."

"बरं. फळ्यांच्या जागी जाळ्या लागतील, हवा खेळायला. फ्रिजच्या जुन्या जाळ्या आहेत माझ्याकडे. पण त्या धरायला खाली पट्ट्या हव्यात. कशाच्या आहेत तुमच्याकडे?"

"त्या... काळ्या. जड असतात. गंजतात."

"लोखंडाच्या?"

"हं. त्याच."

"मग लोखंड म्हणा ना, बाई!"

"सासऱ्यांच्या नावात आहे ते," ओरिन्शा शांतपणे म्हणाली. सासरे तेमिरखान, तेमिर म्हणजे लोखंड. ती लग्न होऊन आली त्याच्या आधीच ते गेले होते. गेनरिखनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. नवऱ्याकडच्या वडील माणसांचं नाव सून तोंडातून काढत नाही, त्यांना दुसरीच नावं पाडते. जुन्या बायका पाळतात, आमच्या पिढीत हसण्यावारी जातं. ओरिन्शाने चौतीस वर्षांत एकदाही चूक केली नव्हती.

कपाटाचं काम तीन आठवडे चाललं, कारण तिला धीर नव्हता आणि म्हणून सगळं दोनदा करावं लागलं. लाकूड ओलाव्याने फुगू नये म्हणून आतून जेवताना अंथरायच्या जुन्या दस्तरखानाचं मेणकापड चिकटवलं, तर घाईत त्यात हवेचे फुगे राहिले आणि ते उपटून परत लावलं. प्रत्येक जाळीच्या वर दिव्यांची पट्टी बसवली. आरसा तसाच ठेवला, उजेड दुप्पट होतो म्हणून. दारांच्या फटींना लोकरीचा जुना नमदा कापून त्याच्या पट्ट्या लावल्या, इतक्या घट्ट की दुसऱ्या दिवशी काचांवरून पाणी ओघळत होतं आणि आत कोण आहे तेही दिसेना. दोन रोपं देठाशी कुजून गेली.

"थडगं केलंत तुम्ही," गेनरिख म्हणाले. "श्वास कुठून घेणार बिचारी?"

मग पाठीला दोन भोकं आणि कॉम्प्युटरमधले दोन छोटे पंखे. ते नीट बसत नाही तोच मातीवर पांढरी बुरशी आणि बारीक माश्या. ओरिन्शाने दिवे तपासले, पाणी तपासलं, रात्री दिवे बंद होतात की नाही ते तपासलं. शेवटी सापडला सेरगाझी. सकाळच्या दूध घातलेल्या चहाचा उरलेला घोट तो नेमाने कुंड्यांत ओतत होता.

"आई ओतायची तिच्या जिरेनियमला!"

"त्या बिनदुधाचा ओतायच्या! तुम्हाला साय लागते त्यात!"

"मला काय माहीत झाडांना साय चालत नाही?"

उरलेल्या दोन रोपांतलं धडधाकट होतं ते एकच. ओरिन्शाने त्याच्यासाठी टवक्याचा वाडगा निवडला. गेनरिखनी ओल्या फडक्यावर ठेवून, पाणी सोडत सोडत, त्याच्या बुडाला भोक पाडलं. रोप मधल्या जाळीवर मधोमध बसलं, आजूबाजूला पानांपासून केलेली पंधरा-सोळा. सकाळी सातला टायमर दिवे लावायचा आणि त्या अंधाऱ्या खोलीत कपाट उजळायचं. डिसेंबरच्या शेवटी पानांच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढ्या तीन कळ्या दिसल्या.

"दोन आठवडे," ती म्हणाली. "फार तर तीन."

दोन आठवड्यांनी एनेचं वर्षाचं जेवण होतं. आणि त्याला बाल्खाशहून सेरगाझीची थोरली बहीण येणार होती.

तिचं नाव नाझिपा. ओरिन्शाने तिला 'उभी अप्के', म्हणजे उभी ताई, असं नाव पाडलं होतं, कारण लग्नाच्या दिवशी नवी सून काय काय करते ते ती संध्याकाळपर्यंत भिंतीशी उभं राहून बघत होती. तोंडावर नुसतं अप्के. खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे ती दफनाला येऊ शकली नव्हती, चाळिसाव्यालाही नाही. आईच्या घरात ती आता वर्षाने पाऊल टाकणार होती.

"चादर टाकू का त्याच्यावर?" जेवणाच्या आदल्या दिवशी ओरिन्शाने मला विचारलं. कपाटावर.

"प्रकाश दिसेल चादरीतून."

"मग दिवे बंद ठेवू?"

"पंखे वाजतील."

ती एकदा बसली, उठली, चादर आणली, परत घडी घातली.

जेवणाच्या दिवशी बाहेर उणे एकतीस होतं. सकाळी तिने गेलेल्या माणसाच्या नावाने करतात ते सात शेल्पेक, पातळ पोळ्या, तळले, त्यांचा वास सगळ्या जिन्यात पसरला. दुपारी वीसेक माणसं आली. नाझिपा काठी टेकत आली, कोट न काढताच सरळ आतल्या खोलीत गेली आणि कपाटासमोर उभी राहिली. मी ताटल्या मांडत होते. ओरिन्शा दाराच्या चौकटीत, हात ॲप्रनमध्ये गुंडाळून.

"आईच्या कपाटात दिवे कुणी लावले?"

"मी, अप्के."

नाझिपा वाकली. काचेजवळ तोंड नेलं, इतकं की काचेवर वाफ आली. बराच वेळ बघत राहिली. "हं," म्हणाली आणि वळून बायकांत जाऊन बसली. ओरिन्शाला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मौलवींनी पठण केलं, मांस आलं, रस्सा आला, चहा तीनदा झाला. निघायची वेळ झाली आणि मग ते घडलं. सेरगाझीच्या एका वयस्क चुलतीने सवयीने कपाटाचं दार उघडलं, आत पाहिलं आणि एक कुंडी उचलली.

"म्हातारीच्या हातची ना ही? मी नेते हं तबारिक."

ओरिन्शाचं तोंड उघडलं. पण हिच्या घरी एक आजारी नातू होता, ते तिला माहीत होतं. म्हणाली, "अशी नका नेऊ, गारठेल. थांबा."

तिने वर्तमानपत्र आणलं, रोप गुंडाळलं, वरून लोकरीचा रुमाल. तोवर मागे दुसरी उभी. मग तिसरी. "मला ती गुलाबी दे गं." "माझ्या सुनेला मूल होत नाही, दोन देशील?" ओरिन्शा गुंडाळत राहिली, न द्याव्याशा वाटणाऱ्या प्रत्येक रोपाभोवती चार चार पदर, आणि दर वेळी मान वर करून मधल्या जाळीकडे बघत राहिली. टवक्याकडे कुणी हात नेत नव्हतं. तिथवर ठीक होतं.

पाहुण्यांसोबत द्यायचं मांस पिशव्यांत भरायला तिला स्वयंपाकघरात यावं लागलं. मी पिशव्या धरत होते. पाच मिनिटं गेली असतील, फार तर सात. परत गेलो तर कपाटात दोन कुंड्या उरल्या होत्या, दोन्ही खालच्या जाळीवर. मधली जाळी रिकामी. आरशात ओरिन्शा.

"कुणी नेला?"

"काय?" सेरगाझी म्हणाला.

"वाडगा! टवक्याचा!"

"अप्केच्या हातात काहीतरी होतं बुवा. शालीत. अगं, काय झालं? एवढ्या—"

ती जिन्यात पोचली होती. मीही मांसाच्या पिशव्या घेऊन मागे पळाले, कारण तिच्या पायांत घरातल्या सपाता होत्या.

अंगणात तीन गाड्या इंजिन तापवत उभ्या होत्या. धुराच्या पांढऱ्या ढगात माणसं नुसती कोटांवरून ओळखायची. काचा सगळ्या वर, गोठलेल्या.

"अप्के!" ओरिन्शा ओरडली.

चार बायकांनी वळून पाहिलं. त्या सगळ्याच कुणाच्या ना कुणाच्या अप्के होत्या. मधल्या गाडीच्या मागच्या सीटवरची मात्र हलली नाही. गाडी सरकायला लागली.

"नाझिपा!"

असं वाटलं की इंजिनंही बंद पडली. नसतील पडली. पण चुलतीचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला, आणि वर चौथ्या मजल्यावर, खिडकीच्या झडपेतून डोकं काढलेल्या सेरगाझीने ते हळूच आत घेतलं. ओरिन्शा तोंडावर हात ठेवून उभी होती.

गाडी थांबली. काठी आधी बाहेर आली.

"काय म्हणालीस?"

"तो वाडगा, अप्के."

"ते नाही. त्याच्या आधी काय म्हणालीस?"

ओरिन्शा गाडीच्या दाराशी गेली. "त्यातलं झाड एनेचं नाही. बाकीची नेली, नेऊ देत. हे मी बीपासून केलंय. कळ्या आल्यात. अजून उमललं नाही, मी बघितलेलं नाही त्याला. तुम्ही नेऊ नका."

"आईच्या कपाटात होतं ते."

"कपाट एनेचं. झाड माझं."

नाझिपाने कोटाची दोन बटणं काढली. शालीची गुंडाळी तिने आत, छातीशी धरली होती. "झाड?" ती म्हणाली. "मला झाड काय करायचंय? माझ्याकडे मांजर आहे, खाऊन टाकेल." शालीचा पदर बाजूला करून तिने काठावर बोट ठेवलं. "हा टवका माझा आहे. नऊ वर्षांची होते. आईने मारलं नाही मला, म्हणाली हा आता तुझा. तुम्ही सगळ्यांनी सगळं वाटून टाकलंत. मी तिकडे पलंगावर पडलेली. ज्यांनी तिला पाणी विचारलं नाही त्यांच्या घरी तिचे पेले आहेत. मला काय राहिलं?"

मग ओरिन्शा म्हणाली, "अप्के, झाका ते. मरेल. वर चला."

चार मजले नाझिपा एकेक पायरी चढली, वाडगा तिने कुणाला घेऊ दिला नाही. ओरिन्शा तिच्यापुढे दोन पायऱ्या जायची, थांबायची, परत खाली यायची.

स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. ओरिन्शाने चमच्याने काठाने काठाने माती सोडवली, पानांखाली बोटं घातली आणि रोप अख्खं मातीसकट उचलून दह्याच्या डब्यात ठेवलं. श्वास घेत नव्हती. एक कळी काचेसारखी पारदर्शक झाली होती. तिला थंडी लागली होती. मग तिने वाडगा नळाखाली धरला आणि पाणी बुडातून धारेने खाली गेलं.

नाझिपाने तो हातातून घेतला. उजेडाकडे धरला. भोकातून ओरिन्शाकडे बघितलं.

"याला भोक पाडलंस?"

"पाणी साचलं की मुळं कुजतात, अप्के."

"आईने बघितलं असतं तर?"

"मारलं असतं."

"तुला मारलं असतं," नाझिपा म्हणाली. "मला नाही." आणि अचानक तिला हसू आलं, खोकल्यासारखं, मग ते हसू राहिलं नाही. ओरिन्शाने ॲप्रनचं टोक पुढे केलं. नाझिपाने त्याला नाक पुसलं, वाडगा शालीत गुंडाळला, आणि खाली वाट बघत असलेल्या गाडीचा भोंगा दोनदा वाजला तरी ती एक चहा पिऊन मगच उठली. दाराशी म्हणाली, "एवढा गळा आहे तुला, माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला.

"उघडलं?"

"नाही, अप्के. एक कळी गळाली."

"बरं." फोन बंद.

तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, रोज आठला. दुसरी कळी काळी पडली. तिसरी तशीच होती, ना पुढे ना मागे. ओरिन्शा पूर्वी दर दोन तासांनी उठायची, आता तासाने उठायला लागली. दार उघडून बघायची, ओलावा जाईल म्हणून घाईने लावायची, परत उघडायची. सेरगाझीने तर रिकाम्या कपाटात एवढे दिवे कशाला म्हणून एक पट्टी बंद केली आणि चांगलं ऐकून घेतलं. मी विचारलं, नाहीच उमललं तर? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

बाराव्या दिवशी मी त्यांच्याकडे होते. आठ वाजले, फोन वाजला. ओरिन्शाने तो कानाला लावला आणि सवयीने कपाटाकडे गेली.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं, कारण पलीकडे गाडीसारखा कसला तरी आवाज होता.

"नाझिपा," पलीकडून आलं, मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. "नाझिपा बोलतेय. उघडलं का?"

ओरिन्शाने काचेला कपाळ टेकवलं.

"अगं, आहेस का?"

"आहे, अप्के. उघडतंय. अर्धं झालंय."

"रंग?"

"पांढरट... नाही. कडेला काहीतरी आहे. जांभळं असेल. नाही, थांबा, दिव्याने तसं दिसतंय—"

"नीट बघून सांग ना! मी इथे बसस्टॉपवर गोठतेय."

"अप्के, थांबा म्हटलं ना," ओरिन्शा म्हणाली. एका पायाने तिने स्टूल ओढलं, कपाटासमोर बसली, आणि फोन मांडीवर ठेवून दार उघडलं.